मेंढरांची वाट बुजवू नका

किर्गिझस्तानच्या झेंड्यावर सूर्य आहे आणि त्याच्या मधोमध लोकरी तंबूच्या छताचं गोल कडं. शेजारच्या कझाखस्तानच्या राजचिन्हातही तेच कडं. मेंढरं-घोडी घेऊन गवतामागे फिरलेल्या पूर्वजांचा दोघांना एवढा अभिमान, की हे तंबू बांधायची कला २०१४ साली त्यांनी मिळून युनेस्कोच्या वारसायादीत नेली. पण तोवर फिरणारे उरले होते किती? १९३०-३३ च्या सुमारास सोव्हिएत सरकारनं कझाख पशुपालकांचे कळप काढून घेतले, त्यांना सक्तीनं एका जागी बसवलं. त्यातून पडलेल्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं गेली.

आपल्याकडे अशी सक्ती कुणी करत नाही. आपण फक्त कुंपण घालतो.

भातकापणी उरकली की देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या नि तान्ही पोरं. रात्री रिकाम्या खाचरात वाडा, म्हणजे कळपासकट धनगरांचा तळ, बसतो, सकाळपर्यंत जमिनीला लेंडीखत मिळालेलं असतं, आणि शेतकरी त्याबदली धान्य नाहीतर पैसे देतो. पावसाआधी वाडा परत घाटावर, कारण कोकणच्या चिखलात मेंढराचे खूर कुजतात. बिरोबा-धुळोबाच्या रात्र रात्र चालणाऱ्या ओव्या, सुंबरान, गजीचा नाच, सणगरांनी विणलेली काळी घोंगडी, सगळं या चालण्याच्या आधारानं टिकलं. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं त्या ओव्यांसाठी कित्येक वर्षं धनगरवाडे पालथे घातले. आपण दहा मिनिटं ऐकतो नि चहाला उठतो.

आता कोकण किनाऱ्यावरचं काशीद बघा. पुढे सुरूचं बन, पाठीशी फणसाड अभयारण्य, आणि मधल्या खाचरांचे प्लॉट झालेत. बंगला वर्षातून चार-दोनदा उघडतो, तारेचं कुंपण मात्र बारमाही. दख्खनी मेंढराच्या लोकरीतून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, म्हणून ती टाकून देतात, आणि हॉटेलांच्या खोल्यांत पॉलिएस्टरची ब्लँकेटं.

अभयारण्यात मेंढरं घाला असं मी म्हणत नाही. पण फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलेला आहे. किर्गिझस्ताननं २००९ साली कायदा करून कुरणांचा कारभार ती वापरणाऱ्यांच्या संघांकडे दिला. आपला कायदा त्याहून जुना. ग्रामसभेत तो काढून वाचणारं कुणीतरी हवं. २०२६ हे तर संयुक्त राष्ट्रांनीच कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष ठरवलंय, तेवढं निमित्त पुरे.

तेव्हा काशीदपासून रोह्यापर्यंतच्या सरपंचांनो, कापणीआधीच्या ग्रामसभेत गायरान आणि पाणवठा वाड्यांसाठी मोकळा ठेवायचा ठराव घ्या. ज्यांनी खाचर अजून विकलेलं नाही, त्यांनी यंदा युरियाच्या दोन गोणी कमी आणाव्यात आणि मेंढरं बसवावीत. हॉटेलवाल्यांनो, प्रत्येक खोलीत एक घोंगडी ठेवा, आणि विणणाऱ्याशी भाव करू नका. बंगलेवाल्यांनो, कळप फाटकावरून जायला लागला की पोलिसांना फोन लावायच्या आधी नळाची पाइप बाहेर सोडा.