चाहत्यांची भक्ती उथळ नाही

सिनेमा-मालिकांच्या रूपातले गणपती हा उथळपणा आहे, असे म्हणणारे पत्र वाचले. मूर्तिकारांच्या हमरापुरात राहणाऱ्याला हे पटणारे नाही.

२०१४ मध्ये ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली आणि खंडोबाच्या वेशातल्या मूर्तींना मागणी आली. जुलै २०१५ मध्ये ‘बाहुबली’ प्रदर्शित झाला, तर खांद्यावर शिवलिंग घेतलेले गणराय घडले. अलीकडे ‘पुष्पा’ चित्रपटाच्या रूपातलेही गणपती आले.

चाहता नुसता बघ्या नसतो. मुकुटाची ठेवण, शेल्याचा रंग त्याला पाठ असतो. मूर्तीत त्यात चूक झाली, तर तो लगेच बोट ठेवतो. ज्या कथेने वर्षभर घर एकत्र बसवले, तिला तो देव्हाऱ्यापर्यंत आणतो. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात गणपती राष्ट्रीय नेत्यांच्या वेशातही बसले होते; लोकांनी आपले प्रेम नेहमीच देवाच्या अंगावर चढवले आहे.

वेश बदलला तरी सोंड तीच, आणि डोळ्यांची आखणी आजही कारागीर तितक्याच एकाग्रतेने करतो. पूजेत खोट असेल तर ती जरूर दाखवा. आवडीला मात्र खोट म्हणू नका.

– एक वाचक, हमरापूर (ता. पेण, जि. रायगड)