प्रशिक्षणाचा हिशेब कशाने करावा?

शासकीय योजनेचे यश खर्ची पडलेल्या रकमेवरून ठरविण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. प्रशिक्षणवर्गांच्या बाबतीत तर ती पुरती रुळली आहे. किती वर्ग भरले, किती कर्मचारी हजर राहिले, प्रवासभत्ता वाटला गेला काय, एवढे आकडे जुळले की उपयोगिता प्रमाणपत्र तयार होते. एचआयव्हीबाधित बालकांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा हिशेबही याच रीतीने मांडला गेला, तर चुकीची किंमत त्या बालकांना भोगावी लागते.

भारतात मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले. बालकांच्या उपचाराचा राष्ट्रीय उपक्रम २००६ साली, आणि तान्ह्या बालकांच्या लवकर निदानाचा कार्यक्रम २०१० साली आला. व्यवस्था उभी आहे. परंतु ती चालते परिचारिका, तंत्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या हातांनी, आणि हे काम नाजूक आहे. आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून मोठ्या माणसांची नेहमीची चाचणी येथे निर्णायक ठरत नाही. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळवून प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. ठिपका अपुरा भरला किंवा ओला असतानाच पाकिटात गेला, तर नमुना वाया जातो. मग आईला पुन्हा बोलवावे लागते, आणि मजुरी बुडवून दुसऱ्यांदा येणे प्रत्येकीला जमतेच असे नाही.

येथे विलंब म्हणजे काय, हे आकडेच सांगतात. उपचाराविना अशा बालकांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. याउलट, सहा ते बारा आठवड्यांच्या बाधित बालकांवर तत्काळ उपचार सुरू केल्यास मृत्यूचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटते, असे दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीने २००८ साली दाखवून दिले.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे, असे डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ सालीच मांडले होते : शिकणाऱ्यांचे समाधान, मिळालेले ज्ञान, कामातील बदल आणि अंतिम फलित. वर्ग संपताच भरून घेतलेला अभिप्राय आणि आधी-नंतरची प्रश्नपत्रिका पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. खरे प्रश्न पुढचे आहेत. किती नमुने नाकारले गेले? नमुना घेतल्यापासून औषध सुरू होईपर्यंत किती दिवस गेले? बाळाचे वजन वाढल्यावर औषधाची मात्रा वाढविली गेली काय? (जुनीच मात्रा चालू राहिली, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.) जाणत्या मुलाला त्याच्या आजाराविषयी त्याला समजेल अशा भाषेत सांगितले गेले काय? यांपैकी बहुतेक उत्तरे केंद्रांच्या नोंदवह्यांतून, मुलांची नावे बाहेर न येता, काढता येतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. औषधाचा साठा संपला, शिकलेल्या परिचारिकेची बदली झाली, प्रयोगशाळेतून अहवाल उशिरा आला, तर त्याचा दोष प्रशिक्षणाला अथवा त्या परिचारिकेला कसा द्यावा? तो देऊ नयेच. म्हणूनच तुलना हवी. सर्व जिल्ह्यांत एकाच वेळी वर्ग घेणे बहुधा शक्य नसतेच. तेव्हा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, आणि प्रशिक्षण झालेल्या व प्रतीक्षेतील जिल्ह्यांचे काम सहा महिन्यांनी ताडून पाहावे. साठ्याची आणि बदल्यांची नोंद सोबत ठेवावी. प्रशिक्षणाने काय साधले आणि व्यवस्थेने काय बिघडविले, हे मग बऱ्याच अंशी वेगळे दिसेल.

असे मूल्यमापन काहींना गैरसोयीचे वाटेल, कारण त्यात वर्ग निष्फळ ठरण्याचीही शक्यता असते. पण जो वर्ग निष्फळ आहे, त्यावर दरवर्षी पैसा ओतणे ही काटकसरही नव्हे आणि करुणाही नव्हे. पुढील वर्गाची रक्कम मंजूर करण्यापूर्वी मागील वर्गानंतर किती बालकांना औषध वेळेत मिळाले, एवढा एकच प्रश्न विचारण्याचा पायंडा वित्त विभागाने पाडावा. हजेरीपटाकडे नंतर पाहता येईल.