कुरियरचा दोष नाही कसा?



‘दोष कायद्याचा, कुरियरचा नव्हे’ हे पत्र वाचले. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने परदेशातून येणाऱ्या पार्सलांवरची ८०० डॉलरपर्यंतची करमाफी काढली, हे खरेच. पण १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट तेव्हा कायम राहिली होती की! तरीही तिकडच्या लेकीला पाठवलेल्या आमच्या दिवाळी फराळावर कुरियरने तिच्याकडून कर घेतला. वर ‘आम्ही तो आधी भरला’ म्हणून हाताळणी शुल्क वेगळे. चकल्या मोडू नयेत म्हणून खोके मोठे घेतले, तर लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकाराला ५००० ने भागून वजन धरले. म्हणजे हवेचेही भाडे! विचारले तर पुणे म्हणते न्यू जर्सीला विचारा, न्यू जर्सी म्हणते पुण्याला. यात कायदा कुठे आला, हे पत्रलेखकांनीच सांगावे.

– एक वाचक, पुणे