पहिली कादंबरी आणि परखड संपादक

गेल्या महिन्यात व्याख्यानाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी जाणे झाले. कार्यक्रमानंतर एक तरुण शिक्षक भेटले. वनवासी भागातील वसतिगृहात त्यांनी सहा वर्षे पूर्णवेळ काम केले होते. त्या अनुभवावर बेतलेली आपली पहिली कादंबरी त्यांनी माझ्या हाती ठेवली. तीनशे प्रती लेखकाने स्वतः विकत घ्याव्यात, या अटीवर प्रकाशकाने ती छापली होती. त्यासाठी त्यांनी पतपेढीचे कर्ज काढले. त्या प्रतींचे गठ्ठे आज त्यांच्या पलंगाखाली आहेत. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ‘चार शब्द’ लिहावेत, अशी त्यांची विनंती होती.

रात्री पुस्तक वाचले. अनुभव अस्सल, माणसे जिवंत. परंतु पहिली साठ पाने म्हणजे निव्वळ भाषण! एका पात्राचे नाव तर मध्येच बदललेले. छापण्यापूर्वी ते कोणीही मन लावून वाचले नव्हते, हे उघड होते.

दोष एकट्या प्रकाशकाचा नाही. आपल्या परिवारात कोणी लिहिले, की आपण प्रकाशन समारंभ करतो, शाल-श्रीफळ देतो, ‘विषय उत्तम’ म्हणतो. विचार आपला आहे, एवढ्याने कलाकृती सिद्ध होत नाही, हे सांगण्याचा परखडपणा आपण दाखवीत नाही. ही जिव्हाळ्यापोटी केलेली फसवणूकच होय.

मराठी कादंबरीचा इतिहास वेगळे सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची पहिली कादंबरी ‘बनगरवाडी’ आधी ‘मौज’च्या दिवाळी अंकातून वाचकांसमोर आली आणि १९५५ साली पुस्तकरूप झाली. ‘मौज’चे श्री. पु. भागवत लेखकांशी पत्रव्यवहार करीत, पुनर्लेखन सुचवीत, घाई करू देत नसत. १९६३ साली पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांच्याकडून ‘कोसला’ लिहून घेतली ती प्रकाशक रा. ज. देशमुख यांच्या आग्रहाने. श्री. ग. माजगावकर संघसंस्कारातले, पण ‘माणूस’मधून त्यांनी भिन्न विचारांच्या तरुणांनाही लिहिते केले. मत जुळते का, यापेक्षा लेखणीत बळ आहे का, हे त्यांनी पाहिले. संपादक म्हणतात तो हा! मुद्रितशोधक शुद्धलेखन तपासतो. संपादक कृतीचा तोल पाहतो आणि लेखकाला त्याच्याच उत्तम शक्यतेकडे नेतो.

असा संपादक शोधायचा कसा? आपल्या विषयाजवळच्या चांगल्या कादंबऱ्यांतील मनोगते वाचावीत. लेखक तेथे संपादकाचे ऋण मानतात. एखादे प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवावे. सारांश आणि पहिली तीन प्रकरणे देऊन प्रकाशकाला विचारावे, ‘हस्तलिखित कोण वाचणार? बदल कोण सुचवणार?’ उत्तराऐवजी प्रतींचा हिशेब पुढे आला, तर नमस्कार करून उठावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे, तिचीही चौकशी करावी. प्रकाशन लांबले तरी चालेल; पहिले पुस्तक पुन्हा पहिले होत नाही.

त्या शिक्षकांना मी ‘चार शब्द’ दिले नाहीत. पहिल्या प्रकरणावर पेन्सिलीने खुणा करून प्रत परत पाठवली आणि वसतिगृहातल्या पहिल्या रात्रीपासून कादंबरी सुरू करा, असे लिहिले. ते दुखावले असतील. मात्र ज्या मुलांसाठी त्यांनी उमेदीची सहा वर्षे दिली, त्यांची कथा गठ्ठ्यांत पडून राहावी, हे मला अधिक दुःखद वाटते.

विचारांच्या लढाईत साहित्याचे मोल आपण नेहमी सांगतो. मग आपल्यातल्या नव्या लेखकाला हारापूर्वी एक प्रामाणिक वाचक मिळवून देणे, हे आपले कर्तव्य नव्हे काय?