सरासरीच्या पडद्याआडची बालके

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली देशाचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे २८ होता. ग्रामीण भागात ३१, नागरी भागात १९. महाराष्ट्राचा १६. असे आकडे आले की मंत्रालयापासून महापालिकेपर्यंत समाधानाचा सुस्कारा सोडला जातो आणि शहरांचा प्रश्न सुटला असे गृहीत धरून सर्वांची दृष्टी मेळघाटाकडे वळते. ती वळलीच पाहिजे, त्याविषयी वाद नाही. परंतु 'नागरी' या एका शब्दाच्या पोटात मलबार हिल येते, तसेच देवनारच्या कचराभूमीला खेटून वसलेले शिवाजीनगरही येते, याचे विस्मरण सोयीचे ठरते.

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालाने हा पडदा एकदा दूर केला होता. गोवंडी, मानखुर्द, देवनार ज्यात येतात त्या 'एम पूर्व' विभागात अर्भकमृत्यू दर हजारी ६६ हून अधिक असल्याचे त्यात नमूद होते. देशाच्या आर्थिक राजधानीत! नामांकित रुग्णालये जिथून काही किलोमीटरवर आहेत, तिथे!

कारण विचारावे तर ठराविक उत्तर मिळते: अज्ञान. हे उत्तर देणाऱ्यांच्या घरी नळाला पाणी असते. सेवावस्तीतील माता हंड्याच्या हिशेबाने पाणी विकत घेते, तिला स्वच्छतेची प्रवचने कोणी द्यावीत? १ जानेवारी २००० नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांनाही पाणी द्या, असे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावे लागले. झोपडी अनधिकृत असेल. तिच्यात जन्मलेले मूल अनधिकृत कसे?

बहुसंख्य अर्भके पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मताना गुदमरणे, जंतुसंसर्ग ही त्यांची प्रमुख कारणे. येथे विलंब हाच मृत्यू होय. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी उभारणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ साली 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली, तीही रुग्णालयाच्या भिंतीआड बसून ही लढाई जिंकता येत नाही हे ओळखूनच. महापालिकेची प्रसूतिगृहे आणि मोठी रुग्णालये यांची साखळी जोडण्याचे काम या संस्थेने महापालिकेच्या सहकार्याने केले.

याच शहरातील दुसरा एक अनुभव कटू आहे, म्हणून तो अधिक मोलाचा. वस्त्यांतून महिलांचे गट बांधून जागृती करण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रसवकालीन मृत्युदरात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. ते प्रामाणिकपणे मांडले गेले, हे विशेष. उलट गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रीला नवजात बालकाच्या दारी पाठवले, आणि नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगासमोर आले. केवळ बैठकांनी बाळ वाचत नाही. तपासणारे हात घरापर्यंत जावे लागतात आणि त्या हातांमागे सज्ज रुग्णालय उभे असावे लागते.

शासनाची तत्परता पाहा. ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आले, नागरी अभियानाला २०१३ उजाडले. पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र हा त्याचा निकष. आणि ज्या स्वयंसेविकांच्या पायपिटीवर सारा डोलारा उभा आहे, त्यांना वेतन नव्हे, 'मानधन'. मान किती आणि धन किती, हे त्यांच्या वारंवार निघणाऱ्या मोर्चांनी सांगितलेच आहे. (नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेने सायंकाळची वेळ दिली, ही गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. रोजंदारी बुडवून दुपारी दवाखान्यात कोण जाणार?)

आता थोडे स्वकीयांविषयी. सेवेच्या नावाखाली आपणही वर्षातून एक आरोग्य शिबिर भरवतो, वजने घेतो, गोळ्या वाटतो, छायाचित्र काढतो. पुढच्या सोमवारी ज्या बाळाला ताप येतो, त्याला त्या शिबिराचा उपयोग शून्य. ज्या भगिनी आपल्या घरची धुणीभांडी करतात, त्यांच्या प्रसूतीची तारीख आपल्यापैकी किती कुटुंबांना ठाऊक असते? भागीदारी म्हणजे पालिकेने केंद्र, औषधे व रुग्णवाहिका द्यावी, संस्थेने प्रशिक्षण द्यावे आणि कार्यकर्त्याने एकच वस्ती धरून वर्षानुवर्षे तिचा पाठपुरावा करावा. अनुदान संपताच गुंडाळला जाणारा प्रकल्प या नावाला पात्र नाही.

पालिकेकडे पहिली मागणी हिशेबाची आहे. प्रत्येक प्रभागातील, प्रत्येक वस्तीतील अर्भकमृत्यू दरमहा जाहीर करावेत. घरी दगावलेले आणि बाळंतपणाला गावी गेलेल्या मातेचे तिथे दगावलेले मूलही त्यात धरावे. प्रत्येक मृत्यूपुढे एवढेच लिहावे: पहिली मदत किती तासांनी मिळाली, आणि कोणत्या दारातून त्या मातेला परत पाठवले गेले.