सिकलसेल आहे म्हणून टीमबाहेर का?

आलापल्लीच्या वस्तीत कबड्डीची टीम निवडताना सिकलसेलचं नाव निघालं की मंडळं त्या पोराला बाजूला बसवतात. आम्हाला हे पटत नाही. हा आजार आपल्या बौद्ध घरांत आहे, माडिया-गोंडांच्या घरांतही आहे. तो आईबापाकडून रक्तातून येतो, शिवल्याने होत नाही.

पुण्यात पालवणकर बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. गोलंदाजी मात्र त्यांचीच हवी असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. (१९३७ ला ते बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढले, ते वेगळं.) तोच विटाळ आपण आजाराच्या नावानं पाळायचा का?

वाहक पोरं-पोरी खेळू शकतात. पाणी हवं, मधे विश्रांती हवी, एप्रिलच्या दुपारी सराव नको. दम लागला, पाय दुखले की लगेच थांबवा; "नाटक करतो" म्हणू नका. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी किती खेळायचं ते डॉक्टरांना विचारा. तोवर त्यांना गुणलेखक, पंच करा. ताप आला, छातीत दुखलं तर वाट न पाहता अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या.

पोरींना तर घरचेच लग्नासाठी आजार लपवायला सांगतात. म्हणून मंडळानं सगळ्यांचीच तपासणी करून घ्यावी, आणि कुणाचा रिपोर्ट काय आला ते चौकात बोलू नये.