स्लेज शर्यतीतील श्वान, घाटातील बैल आणि थांबवण्याचा अधिकार

राजाजीनगर, बंगळुरू : राजाजीनगरच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळी कधीकधी निळ्या डोळ्यांचा सैबेरियन हस्की मालकासोबत फिरताना दिसतो. दाट केसांचा हा श्वान मुळात बर्फावर गाडी ओढण्यासाठी जोपासला गेला. २८ एप्रिल २०२४ रोजी बंगळुरूत पारा ३८.५ अंशांवर गेला होता. अशा उन्हात त्याची धाप पाहणाऱ्याला हा प्राणी इथला नव्हे, हे कोणी सांगावे लागत नाही.

मात्र याच शहरात, राजाजीनगरपासून काही किलोमीटरवर असलेल्या पॅलेस ग्राउंड्सवर, नोव्हेंबर २०२३ मध्ये किनारी कर्नाटकातील रेड्यांची कंबळ शर्यत झाली. कर्नाटकातील कंबळ, तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत यांना त्याच वर्षी १८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने कायदेशीर ठरवले होते. न्यायालयीन वाद त्या दिवशी बहुतांशी मिटला. प्राण्यांचा प्रश्न मिटला काय, हे तपासण्यासाठी अलास्कातील लांब पल्ल्याच्या स्लेज शर्यतीकडे पाहणे उपयुक्त ठरेल.

भारतातील वाद मुख्यतः एका मुद्द्याभोवती फिरला. बैलाचे शरीर शर्यतीसाठी बनलेले आहे काय? ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्याप्रमाणे धावणारा नव्हे, असे त्या निकालाचे सूत्र होते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती बंदच राहिल्या. बैलांच्या धावण्याच्या क्षमतेविषयी राज्याने स्वतंत्र अहवालही तयार करून घेतला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना अंतरिम परवानगी दिली.

स्लेज ओढणाऱ्या श्वानांबाबत हा प्रश्न उपस्थितच होत नाही. ओढणे आणि धावणे हेच त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम. १९२५ च्या जानेवारीत नोम या गावात घटसर्पाची साथ पसरली, तेव्हा वीस स्लेजचालकांनी आळीपाळीने सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचवले. त्या कामगिरीची आठवण जागवणारी इडिटारॉड शर्यत १९७३ पासून नोमपर्यंत धावते. पहिल्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. २०१७ मध्ये हेच अंतर आठ दिवस आणि काही तासांत पार झाले. मार्ग थोडाफार बदलत असला, तरी वेग कुठून कुठे गेला हे यावरून कळते. गावाचे प्राण वाचवण्यासाठी केलेली धाव आणि बक्षिसासाठी केलेली धाव यांतला फरकही याच आकड्यांत आहे.

धावण्यासाठीच जन्मलेले हे श्वान शर्यतीत मरतात. २०२४ मध्ये तीन, तर २०२५ मध्ये एक श्वान दगावला. म्हणजेच प्राण्याचा पिंड धावण्याचा आहे, एवढे सिद्ध केल्याने तो सुरक्षित होत नाही. आपल्याकडील दोन्ही बाजूंनी ज्या मुद्द्यावर इतकी वर्षे खर्च केली, तो निर्णायक नव्हताच, असे म्हणावे लागेल.

इडिटारॉडवर टीका कमी नाही. एक्झॉनमोबिलसारख्या कंपनीने २०२१ च्या शर्यतीनंतर प्रायोजकत्व सोडले. तरीही तेथील एक गोष्ट लक्षणीय आहे. वाटेवरच्या थांब्यांवर पशुवैद्य श्वानांची तपासणी करतात. एकदा सलग चोवीस तास आणि दोनदा आठ तास विश्रांती सक्तीची असते. थकलेला श्वान थांब्यावर सोडता येतो, त्याच्या जागी नवा जोडता येत नाही. श्वान दगावल्यास सामान्यतः संपूर्ण संघाला शर्यत सोडावी लागते. २०२४ मध्ये तिन्ही स्लेजचालकांना आणि २०२५ मध्ये एकाला माघार घ्यावी लागली. मृत्यूची वार्ता आयोजक स्वतः जाहीर करतात आणि शवविच्छेदन होते. विरोधकांच्या हाती जे आकडे आहेत, त्यांतले बरेचसे अशा जाहीर नोंदींतूनच आलेले आहेत.

महाराष्ट्रातील नियमही कागदावर दुबळे नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, एक हजार मीटरची मर्यादा, काठी व विजेच्या धक्क्यावर बंदी, उल्लंघनास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास, अशा तरतुदी आहेत. पुणे जिल्ह्यातील घाटात बारी काही सेकंदांत संपते, त्यामुळे अलास्कातील दमछाक येथे नाही. शिवाय खिल्लार बैल शेतकऱ्याच्या दावणीला टिकून राहायचा असेल, तर शर्यत हवी, हा बैलगाडामालकांचा युक्तिवाद पोकळ नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलाला दुसरे काम उरले तरी कोणते?

पण त्या काही सेकंदांत पराणी टोचली गेली, तर ते कोणी पाहायचे? यात्रेची गर्दी, गावाची प्रतिष्ठा आणि मोठे बक्षीस समोर असताना बारी रद्द करण्याचे धाडस कोणी करायचे? हंगामात किती बैल लंगडे झाले, किती बारीनंतर कोसळले, हे गावोगावच्या आयोजकांनी आपणहून सांगावे, असा प्रघात आपल्याकडे रुजलेला नाही. परवानगीचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. शर्यतीनंतर जखमी बैलांची यादीही तेथेच जावी आणि ती सर्वांना पाहता यावी, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.